आम्ही काय करावं? मंडळीच्या कमिटीला एक खुलं पत्र

माननीय पाळकसाहेब आणि पास्टोरेट कमिटीचे सर्व सभासद,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

गेल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपता संपता सेक्रेटरींनी तीन सूचना वाचल्या. नवीन ध्वनियंत्रणा बसवायचं ठरलंय, ही पहिली. गुरुवार संध्याकाळची बैठक यापुढे बंद, कारण तिथे ‘ऐहिक विषयांवर’ चर्चा होते आणि हॉल गायनमंडळाच्या सरावाला लागणार आहे, ही दुसरी. इमारत निधी पुरा होईपर्यंत ‘इतर खर्चांना’ कात्री लावली आहे, ही तिसरी. मग आशीर्वाद झाला आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. घरी निघताना फाटकाशी काका भेटले, नेहमीसारखे हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ‘इतर खर्च’ म्हणजे हा माणूस.

चर्चची झाडलोट, राखण, दिवे, पाणी, बाकं, सगळं एकोणीस वर्षं बघणाऱ्या काकांना तीन महिने पगार मिळालेला नाही.

हे पत्र चारचौघांत का लिहिलं, असं तुम्ही विचारणारच, म्हणून तेच आधी सांगते. भावाचा अपराध दिसला तर काय करायचं, याची रीत मत्तयाच्या 18 व्या अध्यायात प्रभूने घालून दिली आहे. आधी एकट्याने जाऊन सांगायचं. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घ्यायचं. तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांगायचं. मी खजिनदारांना एकटी भेटले. ते म्हणाले, कमिटीत बोलू. मग दोन ज्येष्ठ सभासदांना घेऊन सेक्रेटरींकडे गेले आणि लेखी अर्ज दिला. त्याची पोचही मिळाली नाही. आता तिसरी पायरी राहिली होती, ती चढते आहे. चर्चचं नाव, कुणा व्यक्तीचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. बाकीच्यांनी आपापल्या मंडळीची वही उघडून बघावी.

काकांना विचारूनच लिहिते आहे. त्यांच्या दोनच अटी होत्या. नाव नको, आणि पाळकसाहेबांना लागेल असं काही नको. पहिली पाळते आहे. दुसरीसाठी माझा प्रयत्न आहे, पण पाळकसाहेब, थोडं लागेल.

मी या मंडळीत लहानाची मोठी झाले, इथेच माझं दृढीकरण, म्हणजे सभासद म्हणून विश्वासाची जाहीर कबुली, झालं. पोटापाण्यासाठी हिशेबनीस आहे. एका खाजगी कचेरीत रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद यांतच माझा दिवस जातो. त्यामुळे काही गोष्टी मला वचनातून कळतात त्याआधी वहीतून कळतात. त्यातली एक इथे सांगायलाच हवी. पगार हा ‘कात्री लावण्याचा’ खर्च नसतो. काम करून घेतलं की त्या क्षणापासून पगार हे देणं होतं. खर्चाचं पान वेगळं, देण्याचं पान वेगळं. नवीन ध्वनियंत्रणा हा खर्च आहे. ती घ्या, पुढे ढकला, रद्द करा, तुमची मर्जी. देण्याला मर्जी नसते. माझ्या कचेरीत एखाद्या शिकाऊ मुलाने थकलेली मजुरी ‘बचत’ म्हणून दाखवली तर मी त्याला पान पुन्हा लिहायला लावीन.

आणि वचनात काय लिहिलंय? लेवीय 19:13 मध्ये, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात 24:15 मध्ये तर सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन त्या मजुरीवर लागलेलं असतं. तिथे मुदत एका सूर्यास्ताची आहे, आपण नव्वद होऊ दिले. याकोबाने 5:4 मध्ये लिहिलंय की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते. कामकरी ओरडतात हे पुढचं. आधी मजुरीच ओरडते. हे मला फार नेमकं वाटतं, कारण काका कधीच ओरडणार नाहीत.

या तीन महिन्यांत घडलेली एक गोष्ट मला झोपू देत नाही. दुसऱ्या महिन्यात मध्यस्थीच्या प्रार्थनेच्या यादीत काकांचं नाव आलं. ‘आपल्या सेवकाच्या आर्थिक अडचणीसाठी’ असे शब्द होते. आपण सगळ्यांनी डोळे मिटून, मनापासून प्रार्थना केली. मदत निधीतून त्यांना थोडं धान्यही गेलं, आणि त्यांनी सही करून, आभार मानून ते घेतलं. काका तेव्हा मागच्या दाराशी उभे होते; मला दिसत होते. देवाकडे आपण त्यांच्यासाठी जे मागत होतो ते आपल्याच कपाटात, आपल्याच कुलपात होतं, आणि त्या कुलपाची दुसरी किल्ली त्यांच्याच जुडग्यात होती. उघड्यानागड्या भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा’ असं सांगून रिकाम्या हाताने वाटेला लावणाऱ्यांबद्दल याकोबाने लिहिलंय. आपण त्यापुढे गेलो. त्यांचं जे होतं ते राखून ठेवलं, त्यातलं मूठभर दान म्हणून दिलं आणि पोचपावती घेतली.

आता ‘ऐहिक’ या शब्दाकडे येते.

गुरुवारच्या बैठकीत काय चालायचं, हे तुमच्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे, कारण कमिटीतलं कुणी दोनदा सोडून आलेलं नाही. दहाबारा माणसं. गाणं एकच, तेही पेटीशिवाय. वचनाचा एक छोटा भाग. मग एकच प्रश्न फिरायचा: या आठवड्यात हे वचन तुम्हाला कुठे अडलं? ‘कुठे भावलं’ हा प्रश्न आम्ही मुद्दाम टाळायचो, कारण भावल्याच्या साक्षी रविवारी भरपूर ऐकायला मिळतात. अडल्याचं कुणी सांगत नाही.

पहिल्याच गुरुवारी आम्ही लूकचा तिसरा अध्याय घेतला होता. बाप्तिस्मा देणारा योहान यार्देनेच्या तीरावर पश्चात्तापाची गर्जना करतो आहे, कुऱ्हाड झाडांच्या मुळाशी ठेवलेली आहे. घाबरलेले लोक विचारतात, तर मग आम्ही काय करावं? हाच प्रश्न तिथे तीनदा येतो. लोक विचारतात, मग जकातदार, मग शिपाई. आणि त्या भयंकर उपदेशानंतर योहान जी उत्तरं देतो ती ऐकून हसू यावं इतकी साधी आहेत. दोन अंगरखे असतील तर ज्याला नाही त्याला एक द्या. ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त वसूल करू नका. कुणावर जुलूम करू नका, खोटे आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधानी राहा. जकातीचं काम सोडून रानात या, असं त्याने जकातदाराला सांगितलं नाही. जकातीच्या वहीतच त्याचा पश्चात्ताप शोधला. पाळकसाहेब, हा विषय ऐहिक असेल तर योहानाचीही बैठक बंद करावी लागेल.

बैठकीतलं बाहेर बोलायचं नाही असा आमचा नियम होता, म्हणून उदाहरणादाखल माझीच गोष्ट सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एका बिलावर मला मागची तारीख घालायला सांगितलं. साहेब टेबलाशी उभे होते, पेन त्यांनीच पुढे केलं. ‘फक्त तारीख आहे,’ म्हणाले. मी घातली. अर्धं मिनिटही लागलं नसेल. त्याच रविवारी मी गायनमंडळात उभी होते आणि चांगली गायलेही. मला सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला असेल तर गाताना काहीच न अडल्याचा. आवाज स्वच्छ लागला होता. सोमवारची मी आणि रविवारची मी यांची ओळखच नव्हती, तर अडणार कोण?

दोन वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. एका गुरुवारी जक्कय या जकातदाराच्या गोष्टीचा भाग होता, आणि सांगितलं. कुणी वचन फेकलं नाही, ‘देव क्षमा करतो ताई’ असंही कुणी म्हणालं नाही. एका निवृत्त गृहस्थांनी एवढंच विचारलं, ‘ती फाईल अजून तुमच्याच कपाटात असते का?’ मी हो म्हटलं. ते म्हणाले, ‘मग वेळ गेलेली नाही.’

जक्कयाबद्दल आम्ही त्या दिवशी जे पाहिलं ते मी आजवरच्या उपदेशांत ऐकलेलं नव्हतं. नियमशास्त्राप्रमाणे लबाडीने घेतलेलं परत करताना मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा होता. लेवीय 6 मध्ये ते आहे. चौपट भरपाई चोरलेल्या मेंढरासाठी सांगितली होती. जक्कयाने स्वतःसाठी चौपटीचा दर लावला. जकातदार होता, त्याला दर पाठ होते. आपण जे केलं त्याला त्याने हिशेबातली चूक म्हटलं नाही, चोरीच्या खात्यात टाकलं. आणि परत कर असं येशूने त्याला सांगितल्याचं लूकने नोंदवलेलं नाही. तो फक्त त्याच्या घरी उतरायला गेला; वही जक्कयाने आपणहून काढली. तारण या घराला आज मिळालं, असं प्रभू म्हणाला तो या आकड्यानंतर.

मी शुक्रवारी साहेबांकडे जाऊन ती नोंद दुरुस्त करायची असल्याचं सांगितलं, आणि यापुढे असं सांगू नका हेही सांगितलं. मोठं धैर्य वगैरे काही नव्हतं, पाय लटपटत होते. नोंद दुरुस्त झाली. नोकरी राहिली, बढती गेली. त्या संध्याकाळी बैठकीतल्या एक बाई घरी आल्या, काही न बोलता तासभर बसल्या आणि गेल्या. मंडळी म्हणजे काय, हे मला दृढीकरणाच्या वर्गात कळलं नव्हतं, ते त्या तासात कळलं.

अठराव्या शतकात अमेरिकेत जॉन वुलमन नावाचा क्वेकर पंथाचा एक तरुण दुकानात कारकुनी करायचा. त्याच्या मालकाने आपली एक गुलाम बाई विकली आणि विक्रीचा कागद वुलमनला लिहायला सांगितला. गिऱ्हाईक समोर उभं, मालक घाईत. वुलमनने लिहिला. गुलामी ख्रिस्ती धर्माशी विसंगत वाटते असं तो तिथल्या तिथे बोलला खरा, पण हात लिहून मोकळा झाला होता. ते त्याला टोचत राहिलं. पुढे त्याने असे कागद लिहायला नकार दिला. मग आयुष्यभर गावोगाव जाऊन आपल्याच पंथाच्या मालकांच्या घरी बसून तो हळू आवाजात याबद्दल बोलत राहिला. अशा घरी मुक्काम केला की आपली सेवा करणाऱ्या गुलामांसाठी तो पैसे ठेवून निघायचा, कारण फुकटची सेवा त्याला पचत नव्हती. वुलमन 1772 मध्ये वारला. 1776 मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगायची बंदी केली. एवढ्या मोठ्या गोष्टीची एक सुरुवात एका कारकुनाच्या टेबलावर, एका कागदावर झाली. आमच्या गुरुवारच्या बैठकीत अशाच कागदांबद्दल बोलणं व्हायचं. सही करू की नको, खरं सांगू की गप्प बसू, वरिष्ठ हाताखालच्याला ओरडत असताना आपण खिडकीबाहेर बघत होतो त्याचं काय.

कमिटीतल्या एका आदरणीय सभासदांनी मला सुनावलं की हे सगळं ‘कृत्यांनी तारण’ शिकवणं आहे, आपण कृपेने तारलेली माणसं. त्यांनी इफिसकरांस पत्रातलं 2:8 आणि 9 म्हणून दाखवलं, तोंडपाठ. कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे, कुणी आढ्यता बाळगू नये म्हणून कृत्यांनी नव्हे. खरं आहे, माझाही त्यावरच भरवसा आहे. वहीतल्या माझ्या बाजूला जमा काय आहे ते मला चांगलं माहीत आहे. पण दहावं वचन कुठे गेलं? आपण त्याची हस्तकृती आहोत, सत्कृत्यांसाठी ख्रिस्तात निर्माण केलेले, ती कृत्यं देवाने आधीच योजून ठेवलेली. पौलाचं वाक्य तिथे संपतं. आपण ते नेहमी एक वचन आधी थांबवतो. याकोबाच्या पत्राला 1522 च्या प्रस्तावनेत ‘पेंढ्याचं पत्र’ म्हणणारा धर्मसुधारक ल्यूथरसुद्धा असं शिकवायचा की गाईचं दूध काढणारी मोलकरीणही देवाने दिलेल्या पाचारणातच आहे. कृपेचा सिद्धान्त त्याने चर्चच्या दारात सोडून दिला नाही, गोठ्यापर्यंत नेला.

खरं तर देवानेच ऐहिक आणि आध्यात्मिक अशी वाटणी केलेली दिसत नाही. मार्क 6:3 मध्ये लोक येशूला सुतार म्हणून ओळखतात, आणि लूक म्हणतो की त्याने सेवा सुरू केली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. रंधा मारण्याची वर्षं उपदेशाच्या वर्षांहून कितीतरी जास्त. पौल तंबू शिवायचा. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठांसाठी नियम लिहिले, त्यात कोठाराच्या कारभाऱ्याला सांगितलंय की मठातली सगळी भांडी आणि सामान वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखं समज. आपल्याकडे बघायचं तर पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणलं, तेव्हा त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्याचे छपाईचे खिळे जुळवायला मुली आणि बायका होत्या. शाईने काळी झालेली ती बोटं कुठल्या खात्यात टाकायची?

बेनेडिक्टचं ते वाक्य वाचलं की मला प्रभुभोजनानंतरचे काका दिसतात. आपण हस्तांदोलन करत बाहेर पडतो तेव्हा ते मागच्या मोरीवर बसलेले असतात, समोर प्लास्टिकचं घमेलं आणि त्यात ते छोटे काचेचे पेले. एकेक पेला धुतात, उजेडाकडे धरून बघतात, तळाशी लाल थेंब दिसला तर पुन्हा धुतात. मी एकदा म्हटलं, एवढं कशाला बघता काका? ते म्हणाले, ‘पुढच्या वेळेला कुणाच्या हाती कुठला जाईल काय सांगावं.’ उपासना संपल्यावर बाकांवर उरलेल्या उपासनापत्रिका ते गोळा करतात, कोऱ्या बाजूला उसनवारी लिहितात. परवा एक पत्रिका माझ्या हाताशी आली. पुढे स्तोत्र 23, मागे तीन महिन्यांची उधारी. ‘मला काही उणे पडणार नाही’ आणि त्याच्या पाठीवर बेरीज.

आणखी एक तक्रार आहे आणि ती माझ्यासकट सगळ्यांची लाज आहे. काकांना सुट्टी नाही. आठवड्याचे सहा दिवस राखण आणि सातव्या दिवशी सर्वांत जास्त काम, कारण त्या दिवशी आपण विसावा घेतो. चौथ्या आज्ञेत तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरं, तुझं गाढव, तुझ्या वेशीच्या आतला परका, सगळे येतात. अनुवाद 5:14 मध्ये कारणही दिलंय, तुझ्यासारखाच त्यांनाही विसावा मिळावा म्हणून. एकोणीस वर्षांत काकांनी बाकावर बसून पूर्ण उपासना ऐकल्याचं मला आठवत नाही. मी लहान असताना मला वाटायचं त्यांना उभं राहायला आवडतं.

उपदेशांबद्दल जरा भीत भीत लिहिते. माझ्याकडे उपदेश टिपून घ्यायची वही आहे. परवा ती चाळली. स्वर्ग, शेवटचा काळ, प्रार्थनेचं सामर्थ्य, आशीर्वाद, दशांश. दशांश बऱ्याचदा. पण कर्ज, लाच, कामावरची चहाडी, भाडेकरू, म्हाताऱ्या आईला कोणी सांभाळायचं यावरून तुटलेली भावंडं, मोबाईलवर पुढे ढकललेली खोटी बातमी, यांतलं काही मला सापडलं नाही. संडे स्कूलच्या शिक्षकांवर आपण वर्षारंभी हात ठेवून प्रार्थना करतो, ते योग्यच आहे. रात्रपाळीच्या नर्सवर कधी ठेवले आहेत? तीही त्याच बाकावर बसलेली असते, बहुतेक वेळा पेंगत. आमोस संदेष्ट्याच्या काळी व्यापारी शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, बसून विचार करायचे की हा कधी संपेल आणि आम्ही माप लहान करून धान्य कधी विकू. उपदेशात त्यांच्या मापाचं नावच निघालं नसतं तर त्यांना तिथे बसायला काहीच अडचण नव्हती.

त्याच आमोसाच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतो, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा. ध्वनियंत्रणेच्या निमित्ताने हे लिहिणं थोडं खोडसाळपणाचं आहे, कबूल करते. मागच्या बाकांवरच्या वृद्धांना खरंच ऐकू येत नाही. माझी आईही त्यांत आहे. यंत्रणा नको असं मी म्हणत नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात जॉन ख्रिसोस्तोम उपदेशात म्हणायचा, इथे चर्चमध्ये ख्रिस्ताला रेशमी वस्त्रं पांघरू नका आणि बाहेर थंडीत कुडकुडणाऱ्या त्यालाच विसरू नका. चर्च सजवण्याला त्याची मनाई नव्हती. आधी भुकेल्याला जेवू घाला, मग उरेल त्यातून वेदी सजवा, एवढा क्रम त्याने सांगितला. माझं मागणं क्रमाचंच आहे.

पाळकसाहेब, तुमच्याबद्दल एक गोष्ट लिहिली नाही तर हे पत्र खोटं ठरेल. माझे वडील गेले त्या रात्री तुम्ही दवाखान्याच्या बाकड्यावर पहाटेपर्यंत बसून होतात. उपदेश केला नाहीत. आईसाठी पाणी आणलंत, कागदपत्रांच्या रांगेत उभे राहिलात. मी ज्याला ऐहिक आणि आध्यात्मिक एक होणं म्हणते आहे ते मी पहिल्यांदा तुमच्यातच पाहिलं. तुमचं स्वतःचं मानधनही वेळेवर होत नाही, हेही मला माहीत आहे, आणि तुम्ही त्याबद्दल गप्प राहता. तुमचं गप्प राहणं हा तुमचा त्याग असेल. काकांच्या बाबतीत गप्प राहणं हा त्याग नाही, कारण ती भाकर तुमची नाही.

कमिटीच्या सभासदांनाही मी ओळखते. तुम्ही सगळे आपापली कामं सांभाळून, पदरमोड करून हे बघता. छताची गळती तुम्ही भर पावसात चढून थांबवली होती. कुणाच्या मनात वाईट आहे असं मला वाटत नाही, आणि मला भीती त्याचीच आहे. वाईट हेतू नसताना, प्रार्थनेने सुरू होऊन प्रार्थनेने संपलेल्या सभेत, एका माणसाचे तीन महिने एका ओळीत मावले. त्या सभेत एकानेही ‘इतर म्हणजे कोण?’ असं विचारलं नसावं. माझ्या हातून तारीख लिहिली गेली तीही अशीच.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

काकांचा थकलेला सगळा पगार येत्या प्रभुभोजनाच्या आत द्यावा. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेवून आधी जा, असं मत्तय 5 मध्ये आहे. आपल्याला आठवण करून दिलेली आहे, आता आठवलं नाही असं म्हणता येणार नाही. दिलेलं धान्य त्यातून वजा करू नये. ते दान म्हणून दिलं होतं ना, मग दानच राहू द्या.

पगाराची रक्कम, तारीख आणि आठवड्यातली एक पूर्ण सुट्टी लेखी ठरवावी. महिन्यातून एका रविवारी तरी आपल्यापैकी कुणी दारं उघडावीत आणि पेले धुवावेत, आणि काकांनी बाकावर बसावं. पहिल्या रविवारसाठी माझं नाव लिहून घ्या.

जमाखर्च दर तीन महिन्यांनी सूचनाफलकावर लावावा, आणि ‘इतर’ या शीर्षकाखाली माणसाचा पगार घालू नये. तक्ता बनवून द्यायला मी तयार आहे, विनामूल्य.

गुरुवारची बैठक पुन्हा सुरू करावी. हॉल सरावाला हवा असेल तर संडे स्कूलची छोटी खोली चालेल. आम्हाला माईक लागत नाही. कमिटीतल्या एकाने दर महिन्याला यावं, देखरेखीला नको, आपलं कुठे अडलं ते सांगायला.

या पत्राला उत्तर द्यावं. मला व्यक्तिशः नको. ज्या व्यासपीठावरून तीन सूचना वाचल्या तिथूनच चौथी वाचावी.

तोवर येत्या गुरुवारी सात वाजता आम्ही दहाबारा जण चर्चच्या पायऱ्यांवर बसणार आहोत. भाग फिलेमोनाच्या पत्राचा घेतलाय, एकच अध्याय आहे, अंधार पडायच्या आत वाचून होईल. किल्ली काकांच्या जुडग्यात आहे, पण दार उघडा असं आम्ही त्यांना म्हणणार नाही. बंदी मोडल्याचा ठपका त्यांच्यावर यायला नको. तुमच्यापैकी कुणी आलात तर उघडा. नाहीतर पायरीवर जागा आहे.

प्रभूच्या सेवेत आपली,
मंडळीची एक सभासद